करून बघायची खोली

९ जून

प्रिय आत्या,

फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनाने जुळवतेस, म्हणून हे पत्र. मागच्या वेळी मी "शाळेत खोली मिळाली" म्हणाले, तर तू आईला कळवलंस की पोरगी शाळेतच राहायला गेली. मी घरीच आहे, आईजवळ. खोली मुलांसाठी मिळाली आहे.

आमच्या शाळेत पहिली ते चौथीचे वर्ग आहेत. व्हरांड्याच्या टोकाला एक खोली आहे, तिच्यात मोडकी बाकं, फाटके नकाशे आणि एक बंद पडलेलं पाणी तापवायचं यंत्र भरून ठेवलं होतं. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मला बोलावून सांगितलं, "इथे मेकरस्पेस करायचा आहे. मुलं हाताने वस्तू बनवतील अशी जागा. तुम्ही बघा." शाळेच्या समितीला हे सगळं फारसं पटलेलं नाही. त्यांना तिथे कार्यालयाची जुनी दप्तरं ठेवायची आहेत. ऑक्टोबरात समिती येऊन बघेल आणि मग ठरवेल.

मी दोन रविवार बसून नकाशा काढला आहे. सोबत पाठवते. अवजारांची यादीही मागच्या बाजूला आहे. एकतीस वर्षं तू कारखान्याची टूलरूम सांभाळलीस, तर यादीवरून नजर फिरव आणि चूक असेल तिथे खूण कर. फार काही सापडणार नाही असं वाटतं.

तुझी भाची

१७ जून

भाचीबाई,

नकाशा भिंग लावून पाहिला. सगळ्यांत मोठं टेबल तुझं. कपाट तुझ्या खुर्चीमागे. कपाटाला कुलूप, आणि किल्लीचं चित्रसुद्धा तू तुझ्याच टेबलावर काढलं आहेस. मुलं कुठे आहेत हे बराच वेळ शोधत होते. शेवटी खिडकीखाली सापडली, चार ठिपके.

ही खोली तुझी असेल तर नकाशा उत्तम आहे. मुलांची असेल तर फाडून टाक.

यादीत प्लॅस्टिकच्या हातोड्या सहा. प्लॅस्टिकच्या हातोडीने खिळा आत जात नाही, फक्त मुलाला वाटतं की आपल्याला ठोकता येत नाही. खोडून टाकल्या आहेत. तसंच ते रंगीत कात्र्यांचं प्रकरण.

तुला माझी फजिती सांगते. टूलरूम माझ्या ताब्यात आली तेव्हा मी सगळी अवजारं आकाराप्रमाणे लावली. लहान डावीकडे, मोठी उजवीकडे. शोकेससारखी दिसत होती. आठ दिवसांत अवजारं द्यायच्या खिडकीपुढे रांग लागायला लागली, कारण एका कामाला लागणाऱ्या चार वस्तू चार टोकांना. लेथवर काम करणारा एक म्हातारा टर्नर होता, फार बोलायचा नाही. तो म्हणाला, "बाई, तुम्ही ठेवण्यासाठी लावलंय. आम्हाला घ्यायचं असतं." मग मी एकेकाला विचारत सुटले. महिनाभर लागला, पण पुढची तीस वर्षं ती मांडणी कुणी बदलली नाही.

तेव्हा मुलांना खोलीत घेऊन जा, हातात मोजपट्टी दे आणि विचार. आणि ती बोलत असताना तू दातात पेन्सिल धरून बस. तुला मध्ये बोलायची सवय आहे, ती तुझ्या बापाकडून आली आहे.

तुझी आत्या

६ जुलै

प्रिय आत्या,

पेन्सिलीला दातांच्या खुणा पडल्या आहेत. तुझ्यावर चिडले होते, चार दिवस नकाशा फाडला नाही. मग फाडला.

प्रत्येक वर्गाने आपापले दोघं निवडले आणि आठ जणांची मंडळी झाली. त्यातल्या तिघांशी तुझी ओळख करून देते, बाकीचे त्यांच्यामागे असतात. एक चौथीतली उंच मुलगी, तिला सगळे फूटपट्टी म्हणतात, कारण ती जे दिसेल ते मोजते. माझी वेणीसुद्धा मोजून झाली आहे. दुसरा चौथीतलाच मुलगा, त्याचं प्रत्येक वाक्य "पण" ने सुरू होतं, म्हणून त्याचं नाव पण. आणि तिसरीतली मुंगी. वर्गात सगळ्यांत लहानखुरी, पण सतत काहीतरी उचलून कुठेतरी नेत असते. ती मोडकी बाकं बाहेर काढताना मी शिपाईदादांना बोलवायला गेले आणि परत आले तर मुंगीने तीन जणींना घेऊन एक बाक व्हरांड्यात नेलंसुद्धा होतं.

पहिल्याच बैठकीत खुर्च्या रद्द झाल्या. "पण बसून कोण ठोकतं?" एवढ्यावर विषय संपला. कपाटाची दारं काढायची ठरली, कारण दार असलं की आत काय आहे ते विचारावं लागतं. अवजारं भिंतीवर, सगळ्यांत बुटक्या मुलाचा हात पोचेल इतक्या उंचीवर. एक फळी फक्त अर्धवट वस्तूंसाठी. तिच्यावरचं काहीही मोठ्या माणसाने फेकायचं नाही, हे त्यांनी माझ्याकडे बघून दोनदा म्हटलं. खोलीच्या नावासाठी सगळ्या शाळेत मतदान झालं. मेकरस्पेसला दोन मतं पडली. "करून बघायची खोली" एकोणपन्नास मतांनी जिंकली.

टेबलं किती उंच हवीत यावर फार वाद झाला. शेवटी फूटपट्टीने बासष्ट मुलांना भिंतीला टेकवून उभं केलं आणि प्रत्येकाच्या कोपराची उंची वहीत लिहिली. कोपराच्या खाली एक वीत, असा त्यांचा हिशेब. त्यावरून दोन टेबलं ठरली, एक छप्पन्न सेंटीमीटर उंच आणि एक अडुसष्ट. आपण आयुष्यात कधी कुणाला असं विचारलं नसतं, नाही का?

टेबलांचं मी बघते म्हणून सांगितलं आहे. स्टाफरूममधलं एक जुनं टेबल पडून आहे, दणकट आहे, घाव घातला तरी हलणार नाही. बाकी सगळं त्यांच्या मनासारखं. खोली पुढच्या महिन्यात सुरू होईल.

तुझी भाची

१५ जुलै

भाचीबाई,

कोपराखाली एक वीत. हे त्यांना कुणी सांगितलं? आमच्याकडे इंजिनिअर येऊन मशीन बसवून जायचे आणि मग माणसं वर्षभर पाठ धरून फिरायची. फूटपट्टीला माझा आशीर्वाद कळव.

लाकडी पेटी पाठवते आहे, पार्सलवाल्याला सांगून ठेव की उभी धरू नकोस. आत दोन लहान करवती, चार खऱ्या हातोड्या, लाकूड पकडून ठेवायचे दोन क्लॅम्प, काटकोन तपासायचा गुण्या, घासायला तीन कानशी आणि एक हाताने फिरवायचा ड्रिल. करवतींना मी स्वतः धार लावली आहे. धार नसलेली करवत जास्त धोक्याची, कारण माणूस जोर लावतो.

आधी क्लॅम्प शिकव, मग करवत. लाकूड हलत नाही याची खात्री झाल्याशिवाय पातं लावायचं नाही. कधीतरी कुणाला तरी लागणार हे धरून चाल आणि कापूस-पट्टी हाताशी ठेव.

पेटी रिकामी परत पाठवू नकोस. मला ती घरात नको आहे, फार जागा खाते.

तुझी आत्या

२ सप्टेंबर

प्रिय आत्या,

उत्तराला उशीर झाला. पेटी नीट पोचली होती, मुलांना फार आवडली. सध्या खोलीचं रंगकाम चालू असल्यामुळे ती बंद आहे. वर्गातच कागदाची आणि पुठ्ठ्याची कामं घेते. तीही छान होतात.

करवतींची तशी गरज पडत नाही असं दिसतं. तुला लागत असतील तर परत पाठवू का? वापराविना गंजतील.

आईची तब्येत बरी आहे. ती तुझी आठवण काढते.

तुझी भाची

९ सप्टेंबर

भाचीबाई,

एका खोलीच्या रंगाला महिना लागत नाही. महालाचा रंग असेल तर कळव.

आजवर तू मला तीन पानांच्या खाली पत्र लिहिलं नाहीस. या वेळी अर्धं पान, त्यात फूटपट्टी नाही, मुंगी नाही आणि पण नावाचा तो पोरगाही नाही. आणि हातोड्या ठेवून घेतेस, ड्रिल ठेवून घेतेस, फक्त करवती परत करायच्या म्हणतेस. टूलरूमच्या खिडकीत एकतीस वर्षं बसले मी. अवजार परत देताना माणसाचं तोंड कसं होतं ते मला ठाऊक आहे.

कुणाला लागलं आणि किती टाके पडले, तेवढं लिही.

तुझी आत्या

१४ सप्टेंबर

प्रिय आत्या,

चार टाके. डाव्या अंगठ्याच्या मुळाशी. मुंगीला.

अकरा ऑगस्टला झालं. खोली सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला होता. मी दुसऱ्या टोकाला दोन मुलांना ड्रिल धरायला शिकवत होते. मुंगी लाकडाचा तुकडा कापत होती. तुकडा क्लॅम्पमध्ये होता, तेवढं तिने नीट केलं होतं. पण ती एका लाकडी खोक्यावर चढून उभी राहिली. खोका सरकला, करवत उडाली. ती ओरडली नाही. माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "बाई, पट्टी कुठे आहे?" मी पट्टी गुंडाळली, टोक तिनेच धरून ठेवलं.

तिचे वडील बस चालवतात. ड्यूटीवरून तसेच आले, गणवेशात. मोठ्याने बोलले नाहीत. फक्त विचारलं, "आठ वर्षांच्या मुलीच्या हातात करवत कुणी दिली?" मी म्हटलं, मी. त्यांचा तो प्रश्न मला अजून ऐकू येतो.

मोठ्या बाईंनी त्याच दिवशी खोलीला कुलूप लावलं. दहा ऑक्टोबरला समितीची बैठक आहे, पालकही येणार. जुनी दप्तरं तिथे जाणार हे जवळजवळ ठरल्यासारखं आहे.

खोक्यावर चढायचं नाही हा नियम होता, भिंतीवर लिहिलेला होता. मोठ्या बाईंनी लेखी मागितलं तेव्हा मी तसं स्पष्ट लिहून दिलं की विद्यार्थिनीने सूचना न पाळता खोक्यावर चढून काम केल्यामुळे इजा झाली. त्यामुळे माझ्या नोकरीवर काही येणार नाही असं त्या म्हणाल्या. मुंगी शाळेत येते. मागच्या बाकावर बसते. आता काही उचलून नेत नाही.

तुला खोटं लिहिलं याचं वाईट वाटतं. तू पाठवलेल्या करवतीनेच लागलं, ते तुला कसं कळवू हे कळत नव्हतं.

तुझी भाची

२१ सप्टेंबर

भाचीबाई,

करवतीचं मनावर घेऊ नकोस. मी घेतलेलं नाही. पण त्या चिठ्ठीचं घेतलं आहे.

आता मी तुला एक गोष्ट सांगते, जी तुझ्या बापालासुद्धा पूर्ण माहीत नव्हती. तुझ्या आईच्या उजव्या तळहातावर मधोमध एक व्रण आहे. लहानपणी तारेच्या कुंपणात हात अडकला होता, असं ती तुला सांगत आली. तसं नाही.

ती कारखान्यात नवीन लागली होती, फिटिंगच्या विभागात. मी टूलरूममध्ये दुसऱ्या वर्षाला. कानशीचं मागचं टोक सुळ्यासारखं असतं, त्यावर लाकडी मूठ बसवलेली असते. त्या दिवशी खिडकीपुढे गर्दी होती आणि तुझ्या आईला कानस हवी होती. एक होती, पण तिची मूठ निखळली होती. मी म्हटलं, "सांभाळून घे, संध्याकाळी मूठ बसवते." दिली. तासाभरात तो सुळा तिच्या हातात घुसला.

साहेबांनी विचारलं, बिनमुठीची कानस हिला कुणी दिली? मी सांगितलं, माझ्या वहीत तशी नोंद नाही, तिने घरून आणली असेल. माझ्या डोळ्यांसमोर तिला ताकीद मिळाली. ती माझ्याकडे बघत होती. नोकरीला चार आठवडे झालेली मुलगी काय बोलणार?

मी अकरा दिवस जेवले-झोपले, कामावर गेले, सगळं केलं. बाराव्या दिवशी साहेबांकडे गेले आणि खरं सांगितलं. महिनाभर मला खिडकीवरून काढून गोदामात पाठवलं. मग तुझ्या आईकडे गेले. ती म्हणाली, "मला वाटलंच होतं तू येशील. किती दिवस लावतेस ते बघत होते." तिथून आमची मैत्री. पुढे मीच तिला आपल्या घरी आणलं आणि तुझ्या बापाशी गाठ घालून दिली. ती कुणाला काही बोलली नाही म्हणून मीही बोलले नाही.

आता तुझी चिठ्ठी. त्यात विद्यार्थिनी आहे, सूचना आहे, खोका आहे. तू कुठे आहेस? ती मुलगी खोक्यावर चढली, बरं. का चढली? ते तू तिला विचारलंस का? मी शिकवणारी नाही, पण तिने क्लॅम्प लावला होता. क्लॅम्प लावणारं पोर उनाडकी करत नसतं.

उत्तर मला देऊ नकोस. मुलांनी खोली आखली होती ना? मग त्यांनाच शोधू दे. तू पुन्हा दातात पेन्सिल धर.

तुझी आत्या

१२ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. तिने तळहात उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाली, "अकरा नाही, तेरा दिवस. तिला लिही." लिहिलं.

आता सगळं क्रमाने सांगते.

मोठ्या बाईंकडे अर्ध्या तासासाठी किल्ली मागितली. त्या देईनात. म्हणाल्या, "आता आणखी काय राहिलंय तिथे?" मी म्हटलं, का लागलं ते अजून कुणालाच माहीत नाही. त्या म्हणाल्या, तुम्हीच तर लिहून दिलंत. मी म्हटलं, तेच चुकीचं असावं असं वाटतंय. मग त्या किल्ली घेऊन स्वतःच आल्या.

आठही जण आले. मुंगी यायला तयार नव्हती, फूटपट्टी तिला हाताला धरून घेऊन आली. मी त्यांना एवढंच सांगितलं की त्या दिवशी काय झालं ते शोधायचं आहे, कुणाला रागवायचं नाही. मग गप्प बसले. खरोखर गप्प, आत्या.

पण ने मुंगीला विचारलं, "पण तू खोक्यावर का चढलीस?"

दोन महिन्यांत हे तिला पहिल्यांदा कुणीतरी विचारलं होतं. ती म्हणाली, "हात पोचत नव्हता." मग ती टेबलापाशी गेली आणि करवतीऐवजी मोजपट्टी घेऊन उभी राहिली. लाकूड तिच्या छातीला लागत होतं. खांदा कानापर्यंत वर गेला होता. तसं दोनदा केलं, मग म्हणाली, "असं दमायला होतं. म्हणून."

फूटपट्टीने टेबल मोजलं. शहात्तर. तिने दप्तरातून ती कोपरांची वही काढली आणि मुंगीचं पान उघडलं. तिच्यासाठी ठरलेली टेबलाची उंची: छप्पन्न. मग तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. वही माझ्याकडे वळवली. खालची ओळ मला दिसत होती, तिच्याच अक्षरात: "टेबलांचं बाई बघणार आहेत."

स्टाफरूमचं टेबल मी आणलं होतं. दणकट आहे म्हणून. तुला लिहिलंसुद्धा होतं, आणि लिहिताना मला काही खटकलं नाही. बासष्ट कोपरं मोजून मुलांनी जे ठरवलं, ते मी एका दुपारीत पुसून टाकलं आणि वर भिंतीवर नियम लावला की खोक्यावर चढू नका.

मोठ्या बाई दारात उभ्या होत्या. मी मुंगीला सगळ्यांसमोर म्हटलं, "चूक माझी होती. तुझी नव्हती. मी लिहून देताना दोष तुझ्यावर घातला, ती चिठ्ठी परत घेणार आहे." तिने विचार केला. म्हणाली, "मग आता खोली उघडणार?" मी म्हटलं, ते माहीत नाही.

जुनी चिठ्ठी परत घेतली आणि दुसरी दिली. तिच्यात पहिल्याच ओळीत मी आहे. मोठ्या बाई वाचून म्हणाल्या, "हे तुम्हाला जड जाऊ शकतं." मी म्हटलं, जाऊ दे. घरी आले आणि खूप दिवसांनी पोटभर जेवले.

परवा समितीची बैठक झाली. सभागृहात साठेक पालक होते. मी आधी उभी राहिले आणि चिठ्ठी जशीच्या तशी वाचली. कुजबुज झाली. एक आई म्हणाली, "म्हणजे इतके दिवस तुम्ही पोरीवर ढकलत होतात?" मी हो म्हटलं.

मग मुलांची पाळी. टेबल त्यांनी मंचावर आणून ठेवायला लावलं होतं. मुंगी त्याच्यामागे उभी राहिली आणि सगळ्यांना तिचं फक्त डोकं आणि खांदे दिसले. कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. फूटपट्टीने वही वाचली. पण ने समितीच्या अध्यक्षांना विचारलं, "पण तुम्हाला ऑफिसात तुमच्या नाकापर्यंत येणारं टेबल दिलं तर तुम्ही काय कराल?" अध्यक्ष म्हणाले, "तक्रार करीन." पण म्हणाला, "पण ती तिसरीत आहे, तिची तक्रार कोण ऐकणार? म्हणून तिने खोका आणला." लोक हसले, अध्यक्षही.

मुंगीचे वडील मागच्या रांगेतून उठून पुढे आले. माझ्यापुढून ते सरळ मुलीकडे गेले आणि तिच्यासमोर उकिडवे बसले. म्हणाले, "करवत पुन्हा हातात घेशील?"

ती म्हणाली, "टेबल कापल्यावर."

ते उठले, टेबलाचा एक पाय हाताने चाचपून पाहिला आणि अध्यक्षांना म्हणाले, "मला माझ्या सीटची उंची रोज सकाळी जुळवून घ्यावी लागते, नाहीतर ब्रेकवर पाय पोचत नाही. या पोरांनी तेच मागितलं होतं. खोली बंद करू नका. टेबल मी कापून देतो, ड्यूटी नसलेल्या पहिल्या रविवारी."

समितीने मार्चपर्यंत मुदत दिली आहे. दप्तरं आहेत तिथेच राहणार. माझ्या सेवापुस्तकात एक ओळ पडेल, असं मोठ्या बाई म्हणाल्या. आणि मग म्हणाल्या, किल्ली घेऊन जा.

तुझी भाची

२० ऑक्टोबर

भाचीबाई,

पत्र दोनदा वाचलं. शेजारणीलाही वाचून दाखवलं, तिला ऐकायचं नव्हतं तरी.

तेरा दिवस असतील. तिच्या हाताला लागलं होतं, तिलाच नीट आठवणार.

एक गोष्ट माझ्याही पदरात घाल. स्टाफरूमचं टेबल तू मला जुलैतच लिहिलं होतंस. मी कोपरांचं कौतुक करण्यात दंग होते, त्या ओळीवरून पुढे गेले. ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्यांची अवजारं तपासली तिने एवढं पाहायला हवं होतं. तेव्हा सेवापुस्तकातली अर्धी ओळ माझी समज.

बसवाल्या वडिलांना सांग, चारही पाय एकाच वेळी खूण करून मग कापा. एक कापून दुसरा त्याला जुळवायला गेलं की टेबल कमी कमी होत जातं आणि शेवटी पाट उरतो. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि कापणारा तुझा बाप होता.

तुझी आत्या

४ डिसेंबर

प्रिय आत्या,

तुझी सूचना वेळेत पोचली. त्या रविवारी मुंगीचे वडील आले तेव्हा फूटपट्टीने चारही पायांवर पेन्सिलीने रेघा मारून ठेवल्या होत्या. त्यांनी तीन पाय कापले. चौथ्याच्या वेळी करवत मुंगीपुढे धरली आणि स्वतः टेबल धरून बसले. टेबल आडवं केलेलं होतं, ती जमिनीवर गुडघे टेकून कापत होती. बराच वेळ लागला. कुणीही "दे, मी करतो" म्हटलं नाही, मीसुद्धा नाही. तुकडा खाली पडला तेव्हा तिने तो उचलला, वास घेतला आणि खिशात घातला.

दुसरं टेबल, अडुसष्टचं, मोडक्या बाकांच्या लाकडातून झालं. जरा डुगडुगतं. त्याच्या एका पायाखाली पुठ्ठा आहे.

खोली आता आठवड्यातून चार दिवस उघडी असते. नियम मुलांनी पुन्हा लिहिले. माझे अकरा होते, त्यांचे चार आहेत. पहिला असा: "कुणी नियम मोडला तर आधी का ते विचारायचं." अवजारांची जबाबदारी दर आठवड्याला दोघांकडे जाते. या आठवड्यात आपला पण आणि पहिलीतली एक मुलगी, जिला अजून नीट वाचता येत नाही, पण भिंतीवर कोणती जागा रिकामी आहे ते तिला दारातूनच कळतं.

आतापर्यंत झालेल्या वस्तू: पक्ष्यांसाठी दोन घरं, त्यातल्या एकाला दार ठेवायचं राहून गेलं. मोठ्या बाईंच्या टेबलाचा अडकणारा खण दुरुस्त. पहिलीच्या मुलांना नळापर्यंत पोचायला पायरी, ती मुंगीने केली, आणि तिच्यावर एका वेळी तीन मुलं उभी राहून तपासून झाली आहेत. अर्धवट वस्तूंची फळी भरून वाहते आहे. तिच्यावर एक गोष्ट आहे, ती काय होणार आहे हे ती बनवणाऱ्यालाही ठाऊक नाही. मी विचारत नाही.

काल समितीचे अध्यक्ष न कळवता आले. मार्चपर्यंत थांबवेना बहुतेक. मी त्यांना घेऊन खोलीत गेले. आत वीसेक मुलं होती. कुणी ठोकत होतं, कुणी घासत होतं, दोघी जणी एका फळीवरून भांडत होत्या आणि भांडण मोजपट्टीने मिटवत होत्या. आमच्याकडे कुणीही वळून पाहिलं नाही. मला वाटलं, यांना काहीतरी सांगायला हवं, खोली कशी चालते, कोण काय करतं. मी खिडकीजवळ उभी राहून सुरुवातही केली.

तेवढ्यात माझ्या पाठीमागून मुंगीचा आवाज आला. ती लहान टेबलावर वाकून रेघ आखत होती, डोकं वर न करता म्हणाली, "बाई, जरा बाजूला व्हा ना. उजेड अडतोय."

अध्यक्ष आणि मी, दोघंही बाजूला झालो.

तुझी भाची